थर्लोसाहेबांचा वादीतला शॉट

डेझी तुस्कानो वसईजवळच्या भुईगावची. नव्वदी ओलांडलेल्या एका इंग्रजाची शुश्रूषा करायला ती २०११ साली मस्कतजवळच्या अल हैलला आली. थर्लोसाहेब पोरवयातच विलायतेत माहितीपटांच्या युनिटमध्ये केबली उचलायला लागले होते. मग कॅमेरा हाती आला आणि मच्छीमार, खाणीतले मजूर, गिरणीतल्या बाया अशा राबत्या माणसांचं चित्रण त्यांनी जन्मभर केलं. तेल कंपनीच्या फिल्मसाठी ओमानात आले ते इथलेच झाले.

डेझी लहानपणी गावच्या बावखलात, त्या खोल तळ्यात, बुडता बुडता वाचली होती. तेव्हापासून पाण्याचा तिला धसका. अल हैलचा समुद्र हाकेच्या अंतरावर, पण तिने कधी पाऊल भिजवलं नाही.

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, साहेबांनी हट्ट धरला. इब्राजवळच्या वादीत, त्या कोरड्या नदीच्या पात्रात, शूटिंग करायचं.

"सिस्टर, पहाडपे बादल है. उधर बारिश हुई तो इधर वादी में पानी आता है," ड्रायव्हर सिराज कुजबुजला.

साहेब ऐकतात थोडेच! पात्राच्या मधोमध खुर्ची मांडून घेतली, कॅमेरा लावला. समोरच्या डबक्यातून डेझीने बादली भरून आणायची.

"मी कशाला, सर?"

"आयुष्यभर मी कामाचीच माणसं दाखवली. तू काम कर. कॅमेऱ्याकडे बघू नकोस."

सिराज पाण्याच्या बाटल्या आणायला वर गाडीकडे गेला. डेझी वाकली. डबक्यातलं पाणी हलत होतं, वारा नसताना. बघता बघता ते गढूळ झालं, त्यात काटक्या आणि शेळ्यांच्या लेंड्या तरंगत आल्या. वरच्या वळणामागून घरघर ऐकू आली. 

"यल्ला, चलो सिस्टर! वादी आया!" सिराज काठावरून ओरडला.

ती धावली. साहेबांना नीट ऐकू येत नव्हतं, डोळा कॅमेऱ्यालाच चिकटलेला. "थांब, शॉट चालू आहे!" त्यांनी तिचा हात झटकला.

"माते मरिये!" म्हणत तिने त्यांना पाठुंगळी घेतलं. पाणी घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना. पायाखालचे गोटे सरकत होते.  सिराज धावत खाली आला आणि त्याने दोघांना काठावर ओढलं. खुर्ची आणि कॅमेरा एका लोटात दिसेनासे झाले.

साहेबांनी तिची बाही घट्ट धरून ठेवली होती. म्हणाले, "भ्यालेली माणसं मी किती टिपली, डेझी. स्वतः भ्यालो नव्हतो कधी."

तिने त्यांचे ओले पाय पुसायला घेतले. 

त्यांनी पुन्हा कॅमेरा मागितला नाही. पुढच्या थंडीत झोपेतच गेले.

डेझी आता ओमानातल्याच सोहार शहरात एका आजीबाईंकडे असते. डोंगरावर ढग दिसले की सिराजला फोन लावते. "कुठे आहेस? वादी ओलांडू नकोस हां."

तो हसतो. पण गाडी थांबवून ठेवतो.