तपासणीच्या दिवसाची पाटी

आमच्या मरियाबाईला मी भित्री समजत हुते, आता काय सांगू! श्रीरामपुरात एका खासगी दवाखान्यात आमी दोघी अकरा वर्षं झाडू-फरशी करतो. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीवर. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला हाय. ही नोकरी गेली की पोरीचं शिक्षान बंद, एवढीच तिला रात्रंदिवस धास्ती. "तोंड उघडू नको रंगू," असं मलाच बजावायची.

आमचा पगार बँकेत सरकारी दरानं पुरा येतो. पन एटीएम कार्डं ठेकेदार गहिनीनाथशेठच्या कपाटात. तो पैसे काढतो आन् निम्मे आमच्या हातावर टेकवतो. मेला वर म्हनतो, "लई झाले!" किमान वेतनाची पाटी अडगळीच्या खोलीत, फिनेलच्या कॅनमागं. कामगार खात्याची तपासणी असली की मरियाबाईनं ती पुसायची, स्टूलवर चढून लावायची. स्टूल मी धरायचं. साहेबाची गाडी गेली की पाटी खाली.

मागल्या रविवारी मरियाबाई चर्चहून थेट माझ्याकडं आली. तिची भाची जेनिफर इंग्लंडात म्हाताऱ्या मानसांची सेवा करती. तिचा फोन आल्ता. तिथं सरकारनं तासाचा दर ठरवलाय, आन् कमी देनाऱ्या मालकाचं नाव सरकारच जाहीर करतं.

"नशीबवान हाय बाई तुझी भाची," मी म्हनले.

"दर तर आपल्या सरकारनं बी ठरवलाय की गं. आपन तो फिनेलमागं ठेवतो."

मला तिचा रागच आला. आपन कुठं? शेठ ठेवतो!

काल तपासणीला नवीन मॅडम आल्या. शेठ दारातच उभा. मॅडमनी आधी मला विचारलं, "पाटीवर लिहिलाय तेवढा पगार मिळतो?" मी शेठकडं बघितलं. "व्हय मॅडम," म्हनले. लाज वाटली, पन म्हनले.

मग त्या मरियाबाईकडं वळल्या. तिच्या पदराचं टोक पिळून पिळून पार दोरी झालेली. शेठनं घसा खाकरला. मला वाटलं, बाई, व्हय म्हन आन् सुट!

"मॅडम," ती म्हनली, "ही पाटी रोज लावली तर चालंल का?"

"रोज म्हणजे? रोज नसते का?"

शेठ हसला. "नवरा गेल्यापासून डोकं ठिकाणावर नसतं मॅडम तिचं. पाटी कायमच हाय तिथं."

जीभ झडो मेल्याची! मरियाबाई पांढरीफटक पडली. उद्या तिला दारातून आत घेनार न्हाईत, हे तिला बी कळलं आन् मला बी. तिच्या पोरीचं तोंड माझ्या डोळ्यापुढं आलं.

मॅडम परत माझ्याकडं बघाया लागल्या. "तुम्ही सांगा. पाटी कधी लावली?"

ह्या वेळी मी शेठकडं बघितलं न्हाई.

"आज सकाळी, मॅडम. स्टूल मीच धरलं हुतं. आन् आमची बँकेची कार्डं शेठच्या त्या कपाटात हायेत."