बट नंबर चौदा आणि कानशीचे दोन हात

त्या वर्षी मार्चमध्ये आमची कंपनी सहा आठवड्यांसाठी अमरावतीजवळच्या कॅम्पात उतरली. पंधरा वर्षांच्या नोकरीत सरकारी खर्चाने घराच्या इतक्या जवळ येण्याची माझी पहिलीच वेळ. मी हवालदार तायडे, मूर्तिजापूरकडचा, कंपनीचा हत्यारांचा उस्ताद. उस्ताद म्हणजे जवानांना हत्यार शिकवणारा, आणि ते शिकले नाहीत तर साहेबांच्या शिव्या खाणारा.

महिनाअखेर अकोल्याच्या रेंजवर पिस्तूल फायरिंगची स्पर्धा होती. टीम चार जणांची. जे चार टीममध्ये, तेच पुढे उत्तरेतल्या शोधपथकात जाणार होते. तीन नावं पक्की झाली होती. चौथा होता नाईक प्रमोद कुबडे, शेंदूरजनाघाटचा, संत्रेवाल्यांच्या घरचा. रायफलवर त्याचा हात पक्का होता. पिस्तूल हातात आलं की मात्र गोळी काळ्या गोलाच्या खाली डावीकडे जायची. रोज तिथेच.

मेजर साहेबांनी सोमवारी सांगितलं, "उस्ताद, शनिवार तक. सौ में अस्सी नहीं आए तो दूसरा आदमी." कुबडेला शोधपथकात जायचंच होतं. गेलं वर्षभर त्याने दुसरी कसलीच गोष्ट मागितली नव्हती.

सिनेमात हिरो धावता धावता एका हाताने पिस्तूल झाडतो आणि समोरचे पटापट पडतात. तसं काही नसतं. आमचं पिस्तूल अगदी साधं, नऊ एमएमचं, मुठीवर रंगवलेला बट नंबर चौदा. आखूड नळीच्या टोकावर एक बारीक खुंटा, तो फोरसाइट. मागे एक खाच. खाचेत खुंटा नीट बसवायचा आणि ट्रिगर दाबायचा, एवढंच. पण हात केसभर हलला, तर पंचवीस यार्डांवर गोळी वीतभर चुकते.

"उस्ताद, पिस्तूलच वाकडं हाये," कुबडे म्हणाला. मला ते पटलं. आपल्या शागिर्दापेक्षा लोखंडाला दोष देणं सोपं असतं. बुधवारी दुपारी तीन वाजता मी ते केलं जे फक्त आर्मररने, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने, करायचं असतं, तेही हुकूम मिळाल्यावर. कानस घेतली आणि फोरसाइटवर दोन हात मारले. फोरसाइट कमी झाला की गोळी वर जाते. कुबडेने फायर केला आणि गोळ्या बरोबर वर सरकल्या. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवारी सकाळी सहा पन्नासला तेच पिस्तूल मी स्वतः चालवलं. पाच गोळ्या, पाचही काळ्या गोलाच्या वर.  पिस्तूल पहिल्यापासून सरळ होतं. वाकडं मी केलं होतं.

मग जे सोमवारीच करायला हवं होतं, ते मी तेव्हा केलं. कुबडेच्या मॅगझिनमध्ये खऱ्या राऊंडांच्या मध्ये दोन डमी, म्हणजे न उडणाऱ्या खोट्या गोळ्या, भरल्या आणि त्याला सांगितलं नाही. दोन राऊंड उडाले. तिसऱ्याला नुसतं टिक्‌ वाजलं, आणि धमाका नसतानाही पिस्तुलाचं तोंड दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखं खाली गेलं. मागे उभे असलेले सगळे हसले. कुबडे हसला नाही. ट्रिगर दाबताना त्याची सगळी बोटं एकदम आवळत होती.

"कळलं," तो म्हणाला. "पण सोडू कसं, उस्ताद? मले तं समजतच नाई कवा आवळते ते."

 उत्तर अकरा वाजता गेटवर आलं, संत्र्याचं कॅरेट घेऊन. कुबडेचे वडील पोराला भेटायला शेंदूरजनाहून आले होते. मी कॅरेटातलं एक संत्रं उचलून दाबून पाहिलं, तसे ते माझ्यावरच उखडले.

"अहो सायेब, दाबून काय पायता? आज दिसत नाई, उद्या डाग पडते. मंग व्यापारी घेत नाई."

"सवय आहे, काका."

"तुमची बी? ह्या पम्याची बी तेच खोड. तोडताना सगळे बोटं एकदम आवळते. तोडाईच्या वक्ती मी याले झाडाखाली उभाच नाई करत. याच्या हातचा माल सगळा डागी!"

कुबडे लाजून बुटांकडे पाहू लागला. मला मात्र तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. जे मी इतक्या दिवसांत पकडलं नव्हतं, ते या माणसाला वीस वर्षांपासून माहीत होतं.

"काका, मग धरायचं कसं?"

त्यांनी संत्रं तळहातात घेतलं. "पडू देयाचं नाई, पण दाबाचं बी नाई. हात तसाच ठेवा. जे बोट लागते तेच हलवा."

हे वाक्य ट्रेनिंगच्या पुस्तकात चार पानांत लिहिलेलं आहे.

गुरुवार दुपारपासून कुबडेच्या उजव्या हातात संत्रं. लाईनीत, बराकीत, मेसच्या रांगेत. तीन बोटं फळावर स्थिर, पहिलं बोट हळूहळू मागे, पुन्हा पुढे. प्रत्येक फळावर मी पेनने वेळ लिहायचो. शुक्रवारी तपासणी केली. गुरुवार दुपारच्या दोन फळांवर बोटांचे ठसे मऊ पडले होते, संध्याकाळच्या फळावर एकच, आणि रात्री नऊच्या फळावर एकही नाही. तपासलेला माल कंपनीने खाऊन टाकला.

शनिवारी फायरच्या आधी मी मेजर साहेबांसमोर सावधान उभा राहिलो.

"साहेब, बट चौदाच्या फोरसाइटला मी कानस लावली आहे. चूक माझी."

"कितनी?"

"दो हाथ, साहब."

त्यांनी पिस्तूल घेऊन फोरसाइटवर अंगठा फिरवला. "नवा फोरसाइट स्पर्धेआधी येणार नाही. मग कुबडेला सांग, दो हाथ नीचे पकडे. तुझं नंतर बघू." नंतर बघितलं ते कसं, हे मी इथे लिहीत नाही. शिक्षेला सात दिवस लागले.

कुबडेने निशाणा काळ्या गोलाच्या खालच्या कडेवर धरला. चौऱ्याऐंशी.

अकोल्याला आम्ही पहाटे ट्रकने निघालो. नऊ वाजता रेंजची माती तव्यासारखी तापली होती. शेवटच्या फेरीपर्यंत समोरची टीम आमच्यापुढे गेली होती आणि आमचा फक्त कुबडे उरला होता, लेन चारवर. जिंकायला अठ्ठ्याऐंशी हवे होते. एवढे त्याला कधीच आले नव्हते.

"लाईन पर चल! भर! फायर!"

मी टार्गेटकडे पाहिलंच नाही. त्याच्या तीन बोटांकडे पाहत होतो. दहा राऊंड, आणि ती बोटं एकदाही हलली नाहीत.  मग बटवरून, म्हणजे टार्गेटजवळच्या खंदकातून, रेडिओ खरखरला.

"बट से फायर पॉईंट. लेन चार. नब्बे. ओव्हर."

"फिर से बोलो. ओव्हर."

"नाइन झिरो. ओव्हर."

मी टोपी उडवली. उस्तादाने असं करायचं नसतं. कुबडेला आम्ही खांद्यावर घेतलं आणि तो वरून ओरडत होता, "आता जातो ना मी, उस्ताद? आता पक्कं ना?"

पक्कं झालं. तो गेला.

पुढच्या हिवाळ्यात एका घराच्या झडतीत त्याचा जोडीदार आतल्या अतिरेक्याच्या गोळीने दारातच जखमी होऊन पडला. कुबडेने डाव्या हाताने त्याला ओढलं आणि उजव्या हाताने पिस्तूल चालवलं. जोडीदार वाचला. कुबडे वाचला नाही. वेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

तेराव्यानंतर मी शेंदूरजनाला गेलो. त्याचं नाव टीममध्ये मीच टिकवलं होतं, हे त्याच्या वडिलांना सांगायचं ठरवून गेलो होतो, आणि सांगितलं.  त्यांनी विचारलं, "उस्ताद, त्याची गोळी लागली होती का बरोबर?"

"लागली, काका. दोन झाडल्या. दोन्ही लागल्या."

"अन्‌ तो दुसरा पोट्टा?"

"घरी आहे. चालतो आता."

त्यांनी मान हलवली आणि आत हाक मारली, "ताट वाढा वं, पम्याचे उस्ताद आले." त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो. नाईक प्रमोद कुबडेबद्दल मला जे सांगता येतं, ते एवढंच.