हिरड्यानं कुणाचं पोट आडतं का?

ती केस आजबी मनातनं जात न्हाई, कारण माझ्या उभ्या नोकरीत तेवढ्या एकाच केसचा तपास माझ्या पोटानं केला. डोक्यानं केलेल्या तपासांचं सांगत बसत न्हाई, त्यातले निम्मे आरोपी सुटले.

तवा मी ओतूरकडं जमादार व्हतो. शाळेत सातवीनं मला सोडलं, मी तिला सोडलं न्हाई. पण अंगानं भरलेला. ठाण्यात आदी माझं पोट शिरायचं, मंग मी.

खबर दिली स्टँडमागल्या चहावाल्यानं. "जमादार, बाजारच्या दिवशी एक जण पुड्या विकतोय. म्हणतो, आपल्या रानातला शुद्ध हिरडा, सुटलेलं आंग उतरवतो. बायांची झुंबड हाय राव."

साहेब म्हणले, फसवणुकीचा मामला दिसतोय, बनावट गिऱ्हाईक पाठवू. त्यांनी सगळ्या स्टाफवरनं नजर फिरवली आन माझ्यावर आणून थांबवली.

"जमादार, तुमच्यावर कुणाला संशयच यायचा नाही."

सगळे हसले. मीबी हसलो, साहेब हसल्यावर हसायलाच लागतं.

साध्या कापडात गेलो. पुडीवाला मला बघून उभाच राहिला. "या पावणं! तुमाला एक पुडी पुरायची न्हाई, दोन घ्या." दोन घेतल्या. एक पंचांसमोर सील केली, ती तपासायला पुण्याला जायची व्हती, तवर पुडीवाला मोकळाच. दुसरी घरी नेली. मुद्देमाल चोरीला जातो, उंदीर खातो, हे सगळ्यांनी ऐकलंय. जमादारानं खाल्लेला मुद्देमाल तेवढा एकच.

आन काय सांगू, भूक मेली! भाकरी समोर आली तरी हात पुढं जाईना. बायको घाबरली, मी खूश. पण तोंडाला कोरड पडली, झोप उडाली, जिना चढलो की काळीज लोहाराच्या भात्यावानी. आन पोट असं आडलं, की डबा घेऊन जायचो तसाच परत यायचो. मला वाटलं, चरबी जाताना एवढा तरास देणारच.

तेवढ्यात दवाखान्यातनं डॉक्टरचा फोन आला. डिंगोऱ्याकडची एक शिवणकाम करणारी बाई आणली व्हती. रक्तदाब लई वाढलेला, छाती धडधडतीय, डोकं फुटतंय, डोळ्याला धड दिसत न्हाई. नवरा म्हणतो, हिरड्याबिगर काय बी खाल्लं न्हाई. डॉक्टर म्हणाला, "हिरड्यानं असं होत नाही. पुडीत काय आहे ते कळलं तर मला काय द्यायचं आणि काय टाळायचं ते ठरवता येईल. लवकर करा, बाईला वेळ नाही."

पुडीवाल्याला उचलून आणला. पण गडी पक्का. "साहेब, पुडी पुण्याला तपासायला धाडा. शंभर टक्के हिरडा निघंल." त्याला ठावं व्हतं, पुण्याचा रिपोर्ट यायला महिने लागतात. तवर बाईचं काय झालं असतं?

साहेबांनी दम दिला, मी टेबल आपटलं. टेबल हाललं, तो न्हाई. उलट मलाच म्हणतो, "जमादार, खरं सांगा, तुमालाबी गुण आलाच असंल की!"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आता लपवून काय उपेग?

"साहेब, ह्यो खोटं बोलतोय. मी खाल्लीय ही पावडर."

"काय?"

"आन खाल्ल्यापासनं मला संडासला झालेलं न्हाई."

ठाणे अंमलदार पाठ फिरवून हसाय लागला. पण मी पुडीवाल्याच्या तोंडाकडं बघत व्हतो. तेवढं काम मला येतं. म्हणलं, "आमच्याकडं पोरगं कुथाय लागलं की आज्जी हिरडा उगाळून देती. हिरडा खाऊन पोट आडलेला एक माणूस जुन्नर-आंबेगावात दाव, मी तुला आत्ता सोडतो. आन माझं काळीजबी धडधडतंय. ती बाई गेली, तिच्यामागं मी गेलो, तर दोन मढ्यांचा जबाब तू देणार."

गडी खाली बसला. पाणी मागितलं. मंग सगळं बाहेर आलं. पेठंला भाड्याची खोली, तिथं ज्वारीच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं. वजन कमी करायची गोळी, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारी. हा ती कुठनं तरी आणून मिक्सरात हिरड्याबरोबर दळायचा.

"आरं, मंग गोळी म्हणूनच का न्हाई विकली?" मी विचारलं.

"गोळी म्हणलं की लोक भितात. हिरड्याला कोण भितंय?"

पंचनामा करून पाकिटं जीपमधनं तडक दवाखान्यात नेली. डॉक्टरनं नाव वाचलं आन नर्सला भराभरा सांगाय लागला. मंग आमच्याकडं वळला. ही गोळी भूक मारते, पण रक्तदाब वाढवते, नाडी पळवते. देताना डॉक्टर आदी रक्तदाब बघतो, दिल्यावर पुन्हा पुन्हा मोजतो. ज्याला रक्तदाब न्हाईतर हृदयाचा आजार हाय, त्याला देतच न्हाईत. ह्या बाईला रक्तदाब जुनाच. हिरडा चालू केला म्हणून तिनं रक्तदाबाची रोजची गोळी बंद केलेली, आन पावडर एका चमच्याच्या जागी दोन चमचे. रानातलंच तर हाय, त्याला काय मोजायचं?

बाई दुसऱ्या दिवशी नवऱ्याला नावानिशी शिव्या द्याय लागली, तवा डॉक्टर म्हणाला, धोका टळला. माझाबी रक्तदाब बघितला आन साहेबांसमोरच मला खाटंवर आडवा केला. पुडीवाल्याला शिक्षा झाली. मी खाल्लेल्या पुडीचा उल्लेख साहेबांनी कागदावर आणला न्हाई, त्यांचे उपकार.

ह्या केसनं मला एक शिकवलं. गोळी वाईट नव्हती, योग्य माणसाला डॉक्टरच्या नजरंखाली ती कामाचीच असंल. तिचं नाव लपवलं, तिथं बाई मरणाच्या दारात गेली. नाव कळलं असतं तर डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणला असता, ताई, ही तुमच्यासाठी नाही.

पुढं तपासणीला आमी दोघं एकाच दिवशी गेलो. डॉक्टरनं बाईला विचारलं, काय काय घेता? बाई शहाणी झालेली. रक्तदाबाची गोळी, शेजारणीचं खोकल्याचं औषध, सकाळची मिश्री, गुडघ्याला लावायचं तेल, सगळं बिनलाजता सांगितलं. मंग माझा नंबर आला. बायको शेजारी बसलेली, म्हणून मी निम्मंच सांगितलं.

उरलेलं बायकोनं सांगितलं.