मधूची न बुडणारी नाव

मधू गेल्याचा फोन त्याच्या मेहुण्याने केला. मी नुकताच शिकवून घरी आलो होतो, एका पायात अजून बूट होता. "मधूभाऊ गेले," तो म्हणाला, आणि मी सवयीने विचारलं, "कुठे?" मधू नेहमीच कुठे ना कुठे गेलेला असायचा... मग मेहुणा हळूच म्हणाला, "पाण्यावर. नावेतच." मी धुळ्याहून निघालो. जळगावला पोचलो तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं आणि फाटकाजवळ त्याची जीप उभी होती. जीपच्या मागची ट्रॉली रिकामी होती. मधूला मी त्याआधी कितीतरी वेळा त्या फाटकातून बाहेर पडताना पाहिलं होतं, पुढे जीप आणि मागे ती पांढरी नाव. रिकामी ट्रॉली पाहिली आणि तेव्हा मला ते खरं वाटलं.

आमची ओळख धुळ्याच्या तंत्रनिकेतनातली. एकाच खोलीत राहायचो. मी शिंदखेड्याकडचा, कोरड्या नाल्यांच्या मुलखातला. तो रावेरकडचा, तापीच्या काठचा. सुट्टीत त्याच्या गावी गेलो की तो आणि त्याचा मोठा भाऊ नामदेव मला नदीत ढकलायचे आणि मी ओरडलो की दोघं हसत बाहेर काढायचे. नामदेवला सगळे नाना म्हणत. केळीचा घड एका हाताने उचलून बैलगाडीत ठेवणारा माणूस. बोलणं कमी. पदविका झाल्यावर मी धुळ्यातच शिकवायला लागलो. मधू मुंबईला गेला आणि माझगावकडे फायबरच्या नावा बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटला. काचेच्या धाग्याची चटई, तिच्यावर राळ, पुन्हा चटई, पुन्हा राळ... या कामाचं त्याला वेड लागलं. पत्रात दुसरं काही नसायचं.

तापीवर खाली धरण झालं आणि त्याचं फुगवट्याचं पाणी मधूच्या गावात आलं. माणसं आधीच वर, नव्या गावठाणात गेली होती. दारं, खिडक्या, तुळया काढून नेल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात पाणी अंदाजापेक्षा लवकर चढलं. घरातलं काही सामान राहिलं होतं म्हणून नाना एक जुनी लाकडी डोंगी घेऊन एकटाच गेला. परतताना डोंगी भर पाण्यात बुडाली. काठावरच्या लोकांनी पाहिलं, पण जवळ जायला दुसरी नाव नव्हती. नाना सापडला नाही. मुंबईहून मधू आला, पाणबुडे आणले, गळ टाकले, काही उपयोग झाला नाही. त्याची आई, अक्का, त्या दिवसापासून पाण्याकडे पाठ करून बसली. नव्या घराचं दार नेमकं पाण्याच्या दिशेला होतं, ते तिने बंद करून मागच्या भिंतीला दार पाडायला लावलं. पुढे मधू तिला जळगावला घेऊन आला. मुंबई सोडून त्याने औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड घातली आणि कूलरच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या बनवू लागला. लग्न झालं. धंदा बसला. मला वाटलं, सावरला.

मग एका उन्हाळ्यात भर दुपारी माझ्या धुळ्यातल्या घरासमोर जीप थांबली. मागे ट्रॉलीवर नाव. पांढरीशुभ्र, नाकाकडे निमुळती, मागे रुंद. मुंबईच्या त्या जुन्या कारखान्यात तो महिनोन् महिने जाऊन राहायचा, आणि कारागिरांच्या बरोबरीने एकेक थर स्वतः बसवून त्याने ती बनवून घेतली होती. आग्रा रोडने घाट चढून ती आली होती. गल्ली गोळा झाली. गावातल्या पांझरा नदीत तेव्हा पाण्याचं टिपूस नव्हतं. शेजारचे आबा काठी टेकत आले, नावेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हाई काय शे, भाऊ?"

"नाव शे, आबा."

"नाव शे ते दिसस. पण आठे पाणी कोठे शे?"

मधू खूप हसला. नाना गेल्यानंतर त्याला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्याने मला नाव दाखवली, घर दाखवावं तशी. बाहेरचा पांढरा लेप मला दिसत होताच. तो मला आतल्या बाजूला, बाकाखाली, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे हात घालायला लावत होता. "फिरव हात. कुठे धागा टोचतो का?" टोचत नव्हता. बोटाच्या पेराने तो नावेची बाजू वाजवत गेला आणि मला आवाज ऐकवत गेला. थरांमध्ये हवा राहिली की आवाज पोकळ येतो, म्हणाला. इथे नाकापासून शेपटीपर्यंत एकच भरीव आवाज होता. तळाखाली त्याने हलका फोम भरून बंद कप्पे केले होते. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, ती चारही बाजूंनी राळेत बंद केली होती, पाण्याला शिरायला वाट नाही. "ही उलटी झाली, भोक पडलं, वरपर्यंत पाणी भरलं, तरी तळाला जाणार नाही," तो म्हणाला. "मी भरून पाहिलंय." तेव्हा तो हसत नव्हता. आबा निघून गेले होते, पोरं ट्रॉलीच्या चाकांशी खेळत होती, आणि मला कळलं की ही नाव कोणासाठी बनवली आहे. तिला उशीर झाला होता, एवढंच.

त्यानंतर दर रविवारी तो पाण्यावर. कधी मी जळगावला असलो की मलाही न्यायचा. जीप मागे घेत ट्रॉली पाण्यात उतरवायची, पट्टा सोडायचा आणि तळहाताने नुसतं लोटायचं. नाव रुळांवरून घरंगळत पाण्यात जाऊन उभी राहायची, आवाजसुद्धा न करता. मधू तो क्षण कधीच घाईने उरकत नसे. मग इंजिन, आणि जुन्या गावावर. एका बाजूला सातपुड्यातली खिंड, दुसऱ्या बाजूला पाण्यातून वर आलेला निंबाचा वाळका शेंडा, या खुणा जुळल्या की तो इंजिन बंद करून नांगर टाकायचा. खाली त्याचं घर. मग गळ. मरळ लागायची, रोहू लागायचा. त्याच्या घरी मासे शिजत नव्हते, सगळे काठावरच्या कोळ्यांना जायचे. त्यांनी नावेला 'पांढरी' असं नाव पाडलं होतं. एकदा मी विचारलं, खायचे नाहीत तर धरतोस कशाला? तो म्हणाला, "गळ टाकून बसलं की लोक विचारत नाहीत, का बसलास म्हणून."

आता ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे तो दिवस. मे महिना होता, पाणी खूप उतरलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात लोक डांगरं, टरबुजं लावतात. पलीकडच्या काठच्या त्या वाड्यांवरून बाया लाकडी डोंगीतून परत येत होत्या. आम्ही निंबाजवळ होतो. सातपुड्याच्या बाजूने आभाळ पिवळं झालं आणि वादळ असं आलं की बोलताही येईना. लाटा उभ्या राहिल्या. मी वळून पाहिलं तेव्हा डोंगी आडवी झालेली होती आणि पाण्यावर टरबुजं आणि डोकी एकत्र हलत होती. मधूने नांगराची दोरी सरळ कापली. माणसांच्या जवळ जाताच पंख्याचं पातं कोणाला लागू नये म्हणून इंजिन बंद केलं, आणि मला म्हणाला, "दोरी टाक. हात देऊ नको, खेचला जाशील. दोरी टाक." बाया एकाच बाजूला लटकल्या. नाव कलली, काठावरून पाणी आत आलं, आमच्या गुडघ्यापर्यंत आलं. मी देवाचं नाव घेत होतो. मधू एकेकीला काखेत हात घालून आत ओढत होता आणि तोंडाने सारखं म्हणत होता, "बुडत नाही. ही बुडत नाही, माय. सोडू नको." ती बुडाली नाही. माणसांनी आणि पाण्याने भरलेली ती नाव वादळात तशीच तरंगत राहिली. सगळ्याजणी वर आल्या. उलट्या डोंगीला धरून राहिलेला डोंगीवालाही.

काठावर शेकोटी पेटवली. कोळ्यांनी गोधड्या आणल्या. वाचलेल्या बायांमधली एक म्हातारी गोधडी गुंडाळून इकडेतिकडे बघत होती. मला म्हणाली, "तुमचा तो दुसरा मानूस कुठी गेला?"

"कोणता, मावशी? आम्ही दोघंच होतो."

"तो नाही का, पाण्यात उतरला होता. मी तळाले चालली होती. खालून त्यानं मले वर लोटलं."

मी तिला समजावलं की आमच्यापैकी कोणीच पाण्यात उतरलं नव्हतं. डोंगीवाल्याने लोटलं असेल. डोंगीवाला शेकोटीपलीकडून म्हणाला, तो पलीकडच्या बाजूला होता, त्याला पोहायलाही धड येत नव्हतं. मधू म्हातारीसमोर उकिडवा बसला. "कसा होता तो?" त्याने विचारलं.

"पाण्यात काय दिसते, बापू. हात तेवढा समजला. मोठा हात होता."

मधू उठला. नाव ट्रॉलीवर चढवली होती. त्याने तिच्या मागचं बूच काढलं आणि आतलं सगळं पाणी धार लागून निघून जाईपर्यंत तिथेच उभा राहिला. परतताना जीपमध्ये मी त्याला माझ्या परीने उलगडून सांगितलं. लुगड्यात हवा धरते, माणूस आपसूक वर येतो. त्या वेळी भानही नसतं. तो "असेल" म्हणाला. पुन्हा त्या विषयावर तो माझ्याशी कधीही बोलला नाही.

पण शालूवहिनी, त्याची बायको, मला सांगायच्या. रविवारी परत यायचा तेव्हा शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत ओली असायची आणि हाताची बोटं सुरकुतलेली, तासन् तास धुणं धुतल्यासारखी. गळ आता नुसतेच बरोबर न्यायचा, कोळ्यांना मासे मिळेनासे झाले. त्या काही विचारायच्या नाहीत. जेवायला बसला की पहिला घास डाव्या हाताने उचलायचा आणि मग भानावर यायचा... शेवटच्या दिवशी मधूला ज्यांनी नावेत पाहिलं त्यातला एक कोळी मला तेराव्याला भेटला. म्हणाला, नांगर टाकलेला होता, इंजिन वर उचलून ठेवलेलं होतं, सगळं जागच्या जागी. मधूभाऊ कडेला टेकून बसलेले, झोप लागल्यासारखे. उजवा हात पाण्यात. "आम्ही हात वर घेतला भाऊ, तर सहज येईना," तो म्हणाला. हात आखडला असेल. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. मीही तेच सगळ्यांना सांगतो.

तेरावा झाल्यावर आम्ही पांढरी जळगावला आणून शेडमध्ये उभी केली. वहिनींना तिच्याकडे पाहवत नव्हतं. घरी बसून ती कोणाला तरी देऊन टाकावी असं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात आतल्या खोलीतून अक्काचा आवाज आला. "मले एकदा बसव तिच्यात." आम्ही सगळेच थबकलो. इतक्या वर्षांत तिने पाण्याचं नावही काढलं नव्हतं. मेहुण्याने जीप घेतली, मी, वहिनी आणि अक्का. काठावर तिला आम्ही खुर्चीसकट उचलून नावेत ठेवणार होतो, पण तिने हात झटकला, लुगडं खोचलं आणि कडेला धरून स्वतः चढली. नाव जराशी दबली आणि स्थिर झाली. वहिनी आणि मी चढलो, मेहुणा जीपपाशी थांबला.

पावसाळा संपत आला होता. पाणी भरलेलं, निंबाचा शेंडा बुडालेला. मी खिंडीच्या अंदाजाने गेलो आणि इंजिन बंद केलं. "इथंच, अक्का," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "हे मारोतीचं देऊळ. आपलं घर पुढी हाये. थोडं उजवीकडे घे." वर सगळीकडे सारखंच पाणी होतं, एक खूण नव्हती. ती मात्र गल्लीतून चालत असल्यासारखं मला वळण सांगत गेली, आणि एका जागी म्हणाली, "थांब."

वहिनींनी आणलेली फुलं तिने घेतली नाहीत. ती खाली वाकली आणि पाण्याकडे पाहत, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "नाना, दळायचं जातं राहू दे रे बापा तठी. मीच आनाले सांगितलं तुले. माही चुकी झाली. एवढा जड दगड... राहू दे तो. मधू आला तुह्याजवळ. दोघं या वर. नाव चांगली मोठी हाये."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. नाना त्या दिवशी काय आणायला गेला होता हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मधूला माहीत होतं का, कोण जाणे. अक्का बराच वेळ तशीच वाकून होती. मग ती सरळ झाली, बाकाच्या एका टोकाला सरकली, लुगड्याचा घोळ अंगाशी आवरून घेतला आणि शेजारी दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी ठेवली. "चाल," ती मला म्हणाली. "सावकाश घे."

मी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. काठ येईपर्यंत अक्का त्या टोकालाच बसून होती. वहिनी तिच्या पुढे त्याच कडेला, मीही सुकाणू धरून त्याच बाजूला. सगळं वजन एका कडेला होतं आणि नाव तसूभर कलली नव्हती. चांगली बांधलेली नाव आहे, मी मनात म्हणत राहिलो. चांगली बांधलेली नाव अशी कलत नाही.