उरलेल्या लाकडांचा धूर

“भाऊचंच लाकूड आहे ते. कोणाले सांगू नको.”

गच्चीच्या जिन्यात बाबा हे अगदी हळू बोलले. ते निखिलदादाला सांगत होते. दादा हसला, मग हसायचा थांबला. “काका, आई को पता चला न…”

“कायले पता चालते? भाऊले आंब्याच्या लाकडावरचं मटण आवडे. त्याच्याच लाकडावर होऊ दे.”

मी त्यांच्या दोन पायऱ्या खाली मिठाचा डबा घेऊन उभी होते. दोघांनाही दिसले नाही. माझ्या बाबतीत असं नेहमी होतं… मी असते आणि लोक विसरतात.

असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी सगळे मराठी बोलतात आणि मी उत्तर हिंदीत देते – म्हणून लिहिताना कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर आई वाचते म्हणून मीही वाचायचे, आणि प्रत्येक अनुभवापुढे मनातल्या मनात कारण लिहायचे. झोप. ताप. भास. माझ्या स्वतःच्या अनुभवापुढे काय लिहावं हे अजून सुचलेलं नाही.

आम्ही रायपूरला चौबे कॉलोनीत राहतो. दुमजली घर, वर मोकळी गच्ची, मधोमध सिमेंटची पाण्याची टाकी. बाबा रेल्वेतून रिटायर झाले. ‘भाऊ’ म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, माझे मोठे बाबा. निखिलदादा त्यांचा मुलगा. गेल्या फेब्रुवारीत मोठे बाबा जाऊन एक वर्ष झालं. आमच्याकडे वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण असतं, त्यात मटण हवंच. गेलेल्या माणसाचं पान आधी वाढायचं, थोडं थांबायचं, मग बाकीच्यांनी जेवायचं. सगळे जेवले की दुखवटा संपला.

या वेळी निखिलदादाने मोबाइलवरचे व्हिडिओ बघून ठरवलं की बकऱ्याच्या चार अख्ख्या मांड्या रात्रभर धुरावर शिजवायच्या. बीरगांवच्या एका वेल्डरकडून त्याने लोखंडी ड्रमची भट्टी बनवून आणली होती – खाली लाकडांचा कप्पा, वर जाळी, झाकणावर थर्मामीटर आणि एक छोटं धुराडं. झाकण सकाळपर्यंत उघडायचं नाही, फक्त काटा बघत लाकूड सारायचं. आईला हे काहीच पटलेलं नव्हतं. “तीन शिट्ट्यांचं काम आहे, अन् हे पोट्टे रातभर बकऱ्याले धुरी देऊन राहिले.”

लाकडांचं मात्र तिला माहीत नव्हतं. मोठ्या बाबांच्या दहनाच्या वेळी मुक्तिधामात आंब्याची लाकडं जास्त झाली. लाकडाच्या टालवाल्याने ती परत घेतली नाहीत, आणि बाबांनी रिक्षात घालून घरी आणली, गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवली. सरणासाठी घेतलेलं लाकूड घरी आणत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. पण बाबांचं आयुष्य रेल्वेच्या स्टोअरमध्ये गेलेलं, ते खिळासुद्धा फेकत नाहीत. नुसती काटकसर असेल असंही मला वाटत नाही. भाऊचं काहीतरी मागे टाकून येणं त्यांना जमलं नसावं.

मी मिठाचा डबा दिला आणि खाली आले.

रात्री एक वाजेपर्यंत दादाची पाळी होती, पुढे माझी. बाबा खाली जायला तयार नव्हते. गच्चीवर खाट टाकून तिथेच झोपले. वारा अजिबात नव्हता. हे नक्की सांगू शकते, कारण समोर दोरीवर टॉवेल वाळत होते आणि मी त्यांच्याकडेच बघत होते. धुराड्यातून धूर सरळ दोऱ्यासारखा वर जात होता.

तीनच्या सुमारास तो वाकला.

हळूहळू नाही… कोणीतरी हाताने वाकवावा तसा. खाली आला, फरशीपासून हातभर उंचीवरून सरकत गेला आणि बाबांच्या खाटेशी थांबला. बाबा खोकले. टॉवेल तसेच होते, स्थिर. मी बाबांना उठवलं. “पापा, धुआँ आ रहा है, खाट उधर ले लो.” ते कुरकुरत उठले. आम्ही खाट टाकीच्या पलीकडे नेली. तिथून भट्टी दिसतसुद्धा नव्हती.

मी परत स्टुलावर येऊन बसले. धूर थोडा वेळ सरळ वर गेला. मग पुन्हा वाकला, टाकीच्या भिंतीपर्यंत गेला आणि कोपऱ्यावरून वळला. धुराला कोपरा वळताना मी पाहिलं आहे. हे वाक्य मी तीनदा खोडलं, पण दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

मी त्याच्या मागे गेले. बाबा उताणे झोपले होते, धूर छातीवर साचल्यासारखा. डोळे मिटलेले, आणि ते बोलत होते. बरळणं नव्हतं ते. फोनवर बोलावं तसं, मध्ये समोरच्याचं ऐकण्यापुरतं थांबत.

“हो, भाऊ.”

थांबले.

“नाही, एकटा येतो न.”

पुन्हा थांबले. या वेळी बराच वेळ.

“सगळ्याइले जेवू घालतो, मंग येतो.”

फोन खाली चार्जिंगला होता. मी त्यांचा खांदा हलवला. “पापा! किससे बात कर रहे थे?”

“काय? झोपलो होतो न मी,” ते म्हणाले, आणि कूस बदलली. मी मागे वळले तर धूर परत सरळ वर चालला होता, काही झालंच नाही असा. पाच वाजेपर्यंत तो तसाच राहिला.

सकाळी मी कोणालाच सांगितलं नाही. काय सांगणार होते? मांड्या सुरेख झाल्या होत्या, हाड ओढलं तरी सुटून येत होतं, आणि दादा व्हिडिओ काढत नाचत होता. अकरापर्यंत अठरा माणसं जमली. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आई म्हणाली, “रातभर धुरात बसल्यावर काय होणार?” ते डावा हात चोळत होते. मी त्यांना म्हटलं, थोडं झोपा. त्यावर ते जवळजवळ रात्रीचंच वाक्य बोलले.

“सगळ्यांचं जेवण होऊ दे. मंग पडतो.”

मोठ्या आईने, म्हणजे निखिलदादाच्या आईने, भिंतीशी मोठ्या बाबांचं पान वाढलं. सगळे हात जोडून थांबले. नंतर पंगत बसली, आई वाढत गेली, बाबा परातीशी सुरी घेऊन उभे राहिले. त्यांच्या कपाळावरून घामाचे थेंब गळत होते आणि ते प्रत्येकाला आग्रह करत होते – घे, अजून घे, लवकर घे. त्यांना इतकी घाई मी कधी पाहिली नव्हती. दादाने पहिला घास उचलला.

तेव्हा मी बोलले. अठरा माणसांसमोर, तेही ओरडून. काय बोलले ते शेवटी सांगते.

दादाचा घास हातातच राहिला. बाबा परातीशेजारी मटकन खाली बसले आणि माझ्याकडे बघत एवढंच म्हणाले, “तू ऐकलं होतं?” म्हणजे ते झोपलेले नव्हते… की होते? मी अजून विचारलेलं नाही. दादाने त्यांना गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची मोठी नस जवळजवळ बंद होती, तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. रात्रभरच्या धुराने त्रास वाढला असणार आणि माणूस झोपेत बोलतोच, हेही तेच म्हणाले. मला ते पटतं. फक्त टाकीचा कोपरा मी त्यांना सांगितला नाही.

त्या दिवशी कोणी जेवलं नाही. लाकडांचं कळलं तेव्हा मोठी आई रागावली नाही. बाबा घरी आल्यावर त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, “सरणाचं उरलेलं घरी आणलं, भाऊजी, म्हणजे त्याइले अर्धं घरीच ठेवलं तुम्ही.” उरलेली लाकडं दादा मुक्तिधामात ठेवून आला. तिखटाचं जेवण आम्ही अजून केलेलं नाही. विषय निघाला की आई दुसरंच काही बोलते.

बाबा आता रोज सकाळी फिरायला जातात. लोक मला म्हणतात, तू बाबांची तब्येत ओळखलीस. मी तब्येत ओळखली नव्हती. मी बाबांकडे बघतसुद्धा नव्हते. मी भिंतीशी वाढलेल्या त्या पानासमोर उभी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या भाषेत बोलले:

“मोठे बाबा, अजून कोणीच जेवलं नाही. बाबा येऊन नाही राहिले.”