पंतांची दुसरी हाक

वैद्य विश्वनाथपंतांची व माझी ओळख झाली ती माझ्या थोरल्या भावामुळे. दादा मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते. दारूबंदी असूनही त्यांना माडाखाली हवी तितकी दारू मिळे. पुढे पायांना सूज आली, पायरी चढताना धाप लागू लागली. हृदय फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दादांनी दारू सोडली, पण अंगात बळ उरले नव्हते.

पंत नुकतेच घाटावरून आमच्या गावी आले होते. त्यांनी अर्जुनाच्या सालीचा दुधातला काढा सुरू केला. "डॉक्टरांचं औषध सोडायचं नाही. आणि पहाटे किनाऱ्यावर सावकाश चालायचं. मी हाक मारीन," असे ते म्हणाले.

पंत हाक मारीत, वाट पाहत आणि निघून जात. दादा उठू लागले की वहिनी त्यांचा हात धरीत, "गप ऱ्हवा! काळोखात एका हाकेक ओ देव नये."

शेवटी पंत रागावून घरात आले. "तांडेल, जगायचं आहे ना?"

दादा म्हणाले, "पंतानू, तुमी एकदाच हाक मारतास. भूत पण एकदाच मारता!"

पंत मोठ्याने हसले. "मग उद्यापासून हे भूत दोनदा ओरडेल."

त्यांनी शब्द पाळला. पावसाळ्यात ते देवळाच्या पडवीत फेऱ्या घालून घेत. सूज उतरली, दादा पुढे बरीच वर्षे जगले. कोणी श्रेय दिले तर पंत म्हणत, "बाटली त्यांनी सोडली. मी नुसता सोबत चाललो."

गेल्या मार्गशीर्षात दादा सासुरवाडीला, धामापूरला, अचानक गेले. तिथेच अग्नी देऊन मी पहाटे परतलो. पंतांना कळवणे राहून गेले होते. ते किनाऱ्यावर भेटले, समुद्राकडची बाजू मोकळी ठेवून चालत होते.

"तांडेल आज पुढे गेले बघा," ते म्हणाले. "पहिल्याच हाकेला ओ दिली."

दादांच्या घराला तर ते सासुरवाडीला गेल्यापासून कुलूप होते. मी त्यांना झाले ते सांगितले. पंत मागे वळून वाळूवरची पावले पाहू लागले. मी वाळूकडे पाहिले नाही.

त्या दिवसापासून पंतांच्या सोबतीला मी जातो. खाडीजवळच्या चढावर ते थांबतात. पंचाहत्तरीनंतरही त्यांची पावले अशीच सावकाश आणि खंबीर पडत राहोत, त्यांना निरोगी शंभरी लाभो. चढावर मीही थांबतो. दादांना दम घ्यायला वेळ लागतो.