तेली हन्नाना आणि कैसराचे नाव

हन्नाना बर जबदा, तिळाच्या तेलाचा घाणा चालवणारा, राहणार अर्बेल शहराच्या दक्षिण वेशीजवळ. जन्म ग्रीक सन ६०६, मृत्यू ६७९. आमच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात भाकरी अर्पण करण्यापूर्वी नावे वाचली जातात, आधी जिवंतांची, मग मृतांची. हे वाचन तरुणपणापासून हन्नानाकडे होते. जिवंतांतून नाव निघते ते दोनच कारणांनी: माणूस मेला तर ते मृतांत जाते, आणि मंडळीने त्याला बहिष्कृत केले तर पुसले जाते. तिसरे कारण नाही.

रोमच्या कैसराने आपला धर्म जवळ केला, ही वार्ता सरहद्दीपलीकडच्या, रोमच्या राज्यातल्या निसिबिनचा रेशीमव्यापारी कमीशो वारंवार आणी. एका रविवारी तो भर मंडळीत उठला.

"कैसराचं नाव जिवंतांत घाला. तो नसता तर आपण संपलो असतो."

हन्नानाचे डोके तापले. "कोण संपलं असतं? माझा आजा ह्याच गावात प्रार्थना करायचा, तेव्हा तुमचे कैसर मूर्तींपुढे धूप जाळत होते. आणि आम्ही इराणच्या शाहच्या राज्यात राहतो बाबा. तू उद्या खेचर हाकून घरी जाशील. निस्तरायचं कुणी?"

"जग कुठल्या कुठे गेलं, हा आपला घाण्याभोवतीच फिरतोय!" कमीशो म्हणाला, आणि मंडळी हसली.

धर्मगुरू शलीता यांना सारे आबा म्हणत. ते मऊ स्वरात म्हणाले, "हन्नाना, कैसर भाऊ म्हणून आलाय आपल्यात. भावाच्या नावाला नाही कसं म्हणू?"

नाव घातले गेले, आणि ते दर रविवारी वाचणे हन्नानाच्याच वाट्याला आले.

पुढे शाह आणि कैसर यांच्यात युद्धाची चिन्हे दिसू लागली. ग्रीक सन ६४८ च्या ऐन उन्हाळ्यात शहराचा न्यायाधीश, मोग म्हणजे अग्निपूजकांचा पुरोहित असलेला महानदाद, याच्या कानी ते नाव गेले आणि शिपायांनी आबांना उचलले. हन्नाना रदबदली करायला गेला.

"तुम्ही कैसराची माणसं," महानदाद म्हणाला.

"मी तेली आहे, सरकार. तुमच्या घरी जळतं ते तेल माझ्याच घाण्याचं आहे. कैसर काळा की गोरा, आम्ही पाहिलेला नाही."

"मग त्याचं नाव जिवंतांतून काढा. म्हाताऱ्यानं मंडळीसमोर तसं सांगावं. लगेच सोडतो."

हन्नाना धावतच तुरुंगात गेला. आबा भिंतीला टेकून बसले होते. अंगात ताप होता.

"काढायचं म्हणजे बहिष्कार घालायचा," आबा म्हणाले. "त्यानं काय पाप केलंय?"

"आबा, तुमचं नाव तरी ठाऊक आहे का त्याला?"

"मला त्याचं ठाऊक आहे, तेवढं बास."

"बरं, मग मी वाचताना अडखळतो. विसरलो म्हणून सांगतो."

"तू विसरणार? शेजारणीचं मेलेलं गाढवसुद्धा तू नावानं आठवतोस!" आबा हसले, आणि हसता हसता त्यांना ढास लागली.

तीळ कापणीला येण्यापूर्वीच आबा तुरुंगात वारले.

त्यानंतर कमीशोचा काफिला आला. त्याने घाण्याशी येऊन खाली मानेने सांगितले की कैसर पुनरुत्थानाच्या सणानंतर येणाऱ्या पन्नासाव्या दिवसाच्या सणालाच मरण पावला. युद्धाच्या धास्तीने वाटा बंद होत्या, म्हणून वार्ता अडकली.

हन्नानाने बैल थांबवला. सण वसंतातला, आबांना धरले उन्हाळ्यात. म्हणजे न्यायाधीशाने मागितले ते नियमाने आधीच व्हायला हवे होते. कैसराचे नाव मृतांत गेले असते आणि आबा कोणालाही बहिष्कृत न करता घरी आले असते. आम्ही एका मृत माणसाला जिवंत म्हणत राहिलो आणि त्यापायी आमचा जिवंत माणूस गेला.

"आता त्याच्या मुलांची नावं..." कमीशोने सुरुवात केली.

"तोंड मिट! कैसर मेला हे सांगायला तुला वाट मिळाली नाही, आणि त्याची पोरं आमच्या गळ्यात बांधायला बरी मिळाली? त्यानं आम्हाला काय दिलं, बोल! एक वीट? एक शिपाई? दिला तो फक्त संशय! आजच्या आज निघ इथून."

त्या रविवारी हन्नानाने मृतांची नावे वाचली. क्रम मृत्यूच्या दिवसाचा असल्याने कैसर आबांच्या आधी आला. हन्नानाने तो क्रम मोडला नाही, पण ते त्याला जन्मभर खुपले.

मंडळीने ठरवले की यापुढे जिवंतांत कोणत्याही राजाचे नाव घालायचे नाही, कैसराचे नाही आणि शाहचेही नाही. पुढची वर्षे फार वाईट गेली. प्रार्थनाघरात शाहच्या सैन्याचे उंट बांधले गेले; मंडळी हन्नानाच्या घाण्याच्या पडवीत भरू लागली. आधी होती त्याहून मोठी भरू लागली. निसिबिनचे लोक अजूनही विचारतात, कैसराचा हात पाठीवर नसता तर आपल्या धर्माचे काय झाले असते? हा प्रश्न आम्हाला विचारण्याची त्यांना लाज वाटायला हवी. आमच्या पाठीवर तो हात कधी नव्हताच, आणि दर रविवारी भाकरी मोडली जातेच आहे.

आबांचा देह मोगांनी पुरण्यासाठी दिला नाही. कोठे टाकला तेही सांगितले नाही. हन्नाना दरसाल तो मागायला कचेरीच्या पायऱ्या चढला. आता त्याचा मुलगा चढतो.